पहिला स्टिरिओ घेताना

आत येताना दारातच एकानं मला विचारलं, "किती वॉटचा घेऊ?" पहिला स्टिरिओ घेणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो. मीही विचारलं होतं. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

वॉट म्हणजे ॲम्प्लिफायरची, स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पेटीची, शक्ती. ती दुप्पट केली की आवाज वाढतो 3 डेसिबलनं. हा फरक कळतो, पण जेमतेम. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आता सांगा, 40 वॉटच्या ऐवजी 50 वॉटचा घेऊन काय पदरात पडलं? एक डेसिबल. त्यासाठी लोक पैसे मोजतात आणि खूश होऊन घरी जातात.

याउलट स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो, त्याकडे कुणी बघत नाही. सेन्सिटिव्हिटी. ठरावीक व्होल्टेज दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो, ते त्यात लिहिलेलं असतं. एक स्पीकर 85 डेसिबलचा, दुसरा 88 चा. दुसरा निम्म्या वॉटमध्ये पहिल्याइतका वाजतो. म्हणजे योग्य स्पीकर निवडलात तर तुमचा लहान ॲम्प्लिफायर आपोआप मोठा होतो. हे आकडे कंपन्या जरा फुगवतात, हे गृहीत धरा. तसंच ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, आकडाही पाहून घ्या. 4 ओहमचा स्पीकर आपल्या ॲम्प्लिफायरला झेपेल का, हे त्याच्या पाठीमागे लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की पैसे थोडे असतील तर निम्मे तरी स्पीकरवर घाला. गाणं कुठून वाजवता, फोन की सीडी, यावर आज फार खर्च करायची गरज नाही. सीडी बाजारात आली 1982 साली. आवाज टिपण्याची तिची बारकाई, 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ, हे आकडे माणसाच्या कानाला तेव्हाही पुरेसे होते. कान तर तेच आहेत, माझे उलट थोडे उतरलेच. खरी गडबड होते ती विजेचं हवेतल्या आवाजात रूपांतर होताना, आणि ते काम स्पीकर करतो.

लहान खोलीत उंच, भारदस्त स्पीकर आणू नका. पाच इंची वूफरचे, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या पडद्याचे, छोटे स्पीकर साधारण 50-60 हर्ट्झपर्यंत नीट उतरतात; हर्ट्झ जितके कमी, तितका सूर खालचा. बेस गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची. म्हणजे तळाचं थोडं सुटतं, मान्य. पण डग्ग्याची घुमक, गळ्यातला दाणा, यांत फारसं उणं पडत नाही. मोठ्या स्पीकरचा खर्ज छोट्या खोलीत नुसता घुमत राहतो, आणि त्याखाली गाणं गुदमरतं.

आता माझी फजिती सांगतो. पहिली जोडी घरी आणली, तारा लावल्या, आणि आवाज असा पातळ, की जणू कुणी डब्यात तोंड घालून गातंय. ॲम्प्लिफायरला शिव्या घातल्या. दुकानदाराकडे तणतणत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लाल-काळी बघितलीत का?" एका स्पीकरची तार उलटी लागली होती. एकाचा पडदा बाहेर येई तेव्हा दुसऱ्याचा आत जाई, आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकी. तपासायला सोपं आहे: एकाच गायकाचं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं, रेकॉर्डिंग लावा. आवाज दोन्हींच्या बरोबर मधून आला पाहिजे, जणू तिथे माणूस उभा आहे. तो खोलीभर पसरला, त्याला जागाच सापडेना, तर तारा बघा.

मग जागा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला. कपाटाच्या माथ्यावर ठेवाल तर वरचे सूर डोक्यावरून जातील. भिंतीला, विशेषतः कोपऱ्याला टेकवलात की खर्ज फुगतो. वीतभर पुढे ओढा, ऐका, अजून वीतभर ओढा. तासभराच्या या ओढाओढीत जो फरक पडतो, तो मला कुठल्या महागड्या तारेत कधी ऐकू आला नाही.

जुना ॲम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही. बटण फिरवताना खरखर येत असेल तर बहुतेक वेळा सफाईनं भागतं. जुने स्पीकर मात्र जाळी काढून बघा. पडद्याभोवतीच्या फोमच्या कडेला बोट हलकंच लावा. भुगा बोटाला आला तर ती कड बदलावी लागणार. रेकॉर्ड प्लेअर जोडायचा असेल तर ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट, म्हणजे त्याच्यासाठीची खास जोडणी, आहे का ते विचारा. सुईकडून येणारा संदेश साधारणपणे काही मिलिव्होल्टचाच असतो, आणि तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, तो परत उचलावा लागतो.

दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना आवाज आधी समान करून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. गाणं तुमचं न्या, शंभरदा ऐकलेलं.

तारेचं कुणीतरी विचारणारच. साधी, जाडसर तांब्याची तार घ्या, बस. माझ्याकडे ती उलटी लावलेली तारच अजून आहे. लाल टोकाला तेवढी गाठ मारून ठेवली आहे.