पंख्याचं विमान

सोलापूरकर मंडळी, नमस्कार.

जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालं, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. इतकी वर्षं वाट पाहिली, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि मिळालं काय, तर पंख्याचं विमान! एटीआर ७२ वरचा हा राग मला कळतो. पंखा बाहेर दिसला की विमान जुनाट, आणि जेट म्हटलं की आधुनिक, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला आज याच्या नेमकं उलट सांगायचंय. गेली साठेक वर्षं इंजिन बनवणारे जेटला टप्प्याटप्प्याने पंख्याकडेच नेत आले आहेत. विमानांचा आवाज आणि इंधन दोन्ही कमी झालं, ते मुख्यतः त्यामुळे.

थोडं गणित करू. इंजिन हवा मागे ढकलतं म्हणून विमान पुढे जातं. दर सेकंदाला किती हवा घेतली आणि तिचा वेग किती वाढवला, यांचा गुणाकार म्हणजे मिळणारा रेटा. पण त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून दुप्पट हवा घ्या आणि तिला निम्माच वेग द्या. रेटा तेवढाच, ऊर्जा मात्र अर्धी. हा हिशेब धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा आहे. उडताना फायदा कमी होतो, पण दिशा तीच राहते.

आता आवाज. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ साली दाखवलं की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठव्या! आपल्या उदाहरणात वेग निम्मा झाला, म्हणजे २५६ वा भाग. झोताचं तोंड चौपट मोठं करावं लागलं, म्हणून उरलेला आवाज चौपट धरा. तरी ६४ वा भाग उरतो, म्हणजे १८ डेसिबलची घट. आपला कान मात्र एवढा उदार नाही. १० डेसिबल कमी झाले, तर त्याला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. तरीही हा फरक प्रचंड आहे.

जेट इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा असतो, त्याची बहुतेक हवा भट्टीत जातच नाही, बाजूने निघून जाते. या दोन प्रवाहांच्या प्रमाणाला बायपास रेशो म्हणतात. १९६० च्या दशकातल्या जेटी८डी इंजिनात तो साधारण एकास एक होता. एअरबस ए३२० वरच्या सीएफएम५६ इंजिनात सहाच्या आसपास गेला, आणि त्याच कंपनीच्या आजच्या लीप इंजिनात तो अकरा आहे. ए३२० च्या निओ या नव्या आवृत्तीला नवं इंजिन आणि पंखांच्या टोकाला शार्कलेट, म्हणजे वर वळलेले तुकडे, दिले, आणि इंधन सुमारे १५ टक्क्यांनी वाचलं. आपल्या एटीआरचा सहा पात्यांचा पंखा जवळपास चार मीटर व्यासाचा आहे. त्याचा बायपास मोजायचाच म्हटलं तर तो कुठल्याही जेटच्या कितीतरी पुढे जाईल. त्याची किंमत आपण वेगात मोजतो: तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर-गोव्यासारख्या अंतरात त्याने काय बिघडतं? आत बसणाऱ्याला पात्यांची घरघर जास्त ऐकू येते, हे मात्र कबूल.

मग जेटचा पंखा वाटेल तेवढा मोठा का करत नाहीत? एक तर मोठ्या पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगापुढे जातात आणि करवतीसारखा आवाज काढतात. पंखा हळू फिरवावा, तर त्याला चालवणाऱ्या टर्बाइनला वेग हवा असतो. प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीने मधे गिअरबॉक्स घातला. टर्बाइनचे तीन फेरे, तेव्हा पंख्याचा एक. शिवाय वजन आहे, हवेचा अडथळा आहे, आणि जमीनही आहे. बोइंग ७३७ ची रचना साठच्या दशकातली, पोट जमिनीला टेकायला आलेलं. तिच्या नव्या मॅक्स आवृत्तीतल्या लीपचा पंखा १.७६ मीटरचा, एअरबसचा १.९८. तेवढा लहान करूनही इंजिन पुढे आणि वर सरकवावं लागलं. त्यातून पुढे काय घडलं, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो दुःखद आहे.

पंख्याभोवतीचं आवरणच काढून टाकायचं, हा पुढचा विचार. २०२१ मध्ये लीप बनवणाऱ्या सीएफएम कंपनीने जाहीर केलेल्या अशाच राइज प्रकल्पाचं लक्ष्य २० टक्के इंधनबचतीचं आहे. पण आवाज शोषणारं जाळीदार अस्तर बसतं ते त्या आवरणातच! म्हणजे इथे आवाज आणि इंधन यांचं भांडण सुरू होतं. बोइंग ७८७ च्या इंजिनामागची दातेरी किनार पाहा: तिने आवाज घटतो, थोडं इंधन वाया जातं. दोन्ही फायदे एकाच उपायात मिळण्याचे दिवस सरत चाललेत, असं माझं मत आहे.

उतरताना तर इंजिन जवळजवळ सुस्त असतं. आवाज करतात ती चाकं, फ्लॅप, पंखांच्या पुढच्या कडा. ए३२० च्या पंखाखाली इंधनटाकीचा दाब सोडणारी गोल भोकं असत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी ती शिट्टी घालत. उपाय काय, तर भोकापुढे हवेला गिरकी देणारा पत्र्याचा छोटा तुकडा. लुफ्थान्साने २०१४ पासून तो बसवायला सुरुवात केली. मला हा उपाय फार आवडतो, कारण तो करणाऱ्याने आधी नीट कान देऊन ऐकलं असणार.

एक चिठ्ठी आली आहे: 'विमानाचे भाग मागावर विणतात, हे खरं का?' खरं आहे. लीपच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांनी जेकॉर्ड मागावर विणतात. ताणा-बाण्याबरोबर जाडीतूनही धागे जातात, त्यामुळे थर सुटत नाहीत. मग साच्यात रेझिन भरतात आणि पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी लावतात. पाती हलकी झाल्यामुळेच एवढा मोठा पंखा परवडतो.

'मग आपल्या चादरीच्या मागावर होईल का?' आहे त्या मागावर नाही. कार्बनचा धागा ठिसूळ असतो, आणि त्याची धूळ वीजवाहक असल्याने मोटारी, पॅनेल खराब करते. शिवाय इंजिनात पक्षी घुसला तरी पातं टिकलं पाहिजे, याची परीक्षा द्यावी लागते. पण जेकॉर्डवर नक्षी बसवणारा कारागीर हे काम शिकू शकेल का, असं विचारलंत, तर माझं उत्तर 'हो' आहे. अर्धं काम त्याला आत्ताच येतं.