शरणपूरहून मोंबासाला गेलेले मास्तर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण’. ती बघून आमची मुलगी म्हणाली, “बाबा, हे ऐकायला नाशकात कोण येणार?” तुम्ही आलात. यातले निम्मे नंतरच्या गाण्यासाठी जागा धरून बसलेत हे मला दिसतंय, पण जागा धरलेला श्रोता उठून जात नाही, एवढा फायदा आहेच.

शरणपूर रोडवरून आज कोण कोण आलं? बघा, किती हात. आता शरणपूर हे नाव कुठून आलं ते सांगा. एकही हात नाही! आफ्रिकेला जायचा रस्ता आपल्या गावातून जातो आणि आपण त्यावर पार्किंग शोधत फिरतो.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात इथे ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. पुढे तिथे आफ्रिकन मुलं आली. इंग्रजांची लढाऊ जहाजं अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबतं पकडायची आणि सुटलेल्या माणसांना मुंबईत उतरवायची. त्यातली पोरकी मुलं मिशनच्या हवाली व्हायची. (नाही हो काका, जंजिऱ्याचे सिद्दी वेगळे, ती शेकडो वर्षांची गोष्ट.) शरणपूरला त्यांना लिहा-वाचायला शिकवत, बायबल शिकवत आणि सुतारकी, लोहारकीही. म्हणजे हातात पाटी आणि रंधा दोन्ही.

यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ ला आजच्या झांबियात वारला, तेव्हा हा पोरगा त्या तांड्यात होता. लिव्हिंग्स्टनच्या पेटीत काय काय सापडलं त्याची यादी जेकबनं केली. काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना त्यानं वाचली आणि खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग नऊ महिने चालत त्या लोकांनी देह किनाऱ्याला, बागामोयोला आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला मान देणाऱ्यांत आफ्रिकन माणूस एकच, आपला नाशिकचा जेकब. आणि हेच लिव्हिंग्स्टनसाहेब डायरीत ‘नाशिकच्या मुलां’बद्दल सारखी कुरकुर करतात! मास्तर लोकांची खोडच ती. जो विद्यार्थी शेवटी खांदा देतो, त्याच्याच प्रगतिपुस्तकावर लाल शेरा.

या सगळ्याची एक पाटी शरणपूर रोडला लागावी म्हणून मी अर्ज केला. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे अजून दोन कामं अडकलीत. साहेबांनी अर्ज उलटसुलट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “आफ्रिका आमच्याकडे येत नाही.” मी म्हटलं, नाशिक येतं ना? तर म्हणे, “नाशिकपुरता वेगळा अर्ज करा.” केला. तो आता आवक-जावकमध्ये आहे, गेली चार वर्षं. आवकमध्ये की जावकमध्ये, हे कुणी सांगत नाही.

केनियातल्या मोंबासाला मात्र उलटा अनुभव. मटाटूत बसलो, म्हणजे आपली काळी-पिवळी, फक्त गाणी मोठ्यानं. कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, “केंगेलेनी! केंगेलेनी!” केंगेले म्हणजे घंटा. घंटेपाशी उतरा. उतरलो तर समोर घंटेचा मनोरा. मागच्या वस्तीचं नाव फ्रेरटाऊन, मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून. १८७३ साली झांजीबारच्या सुलतानाशी तह झाला, गुलामांचा बाजार बंद पडला. सोडवलेल्यांना ठेवायचं कुठे, म्हणून १८७५ ला ही वस्ती उभी राहिली. उभी कुणी केली? आपल्या प्राइससाहेबांनी. शाळा चालवायला माणसं कुठली? शरणपूरची. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे तर १८६४ च्या सुमारालाच जवळच्या रबईला पोचले होते, रेबमान नावाच्या जर्मन पाद्र्याच्या मदतीला. पुढे रेबमान आंधळा झाला. म्हणजे रबईची सुरुवात गोऱ्यांनी केली हे खरं, पण फळ्यापुढे उभे राहिले ते हे.

माझं म्हणणं एवढंच, की...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. “सात मिनिटे.” अहो, मुख्य विषय आत्ता सुरू होतोय! बरं, पळवतो.

सिएरा लिओनला फोरा बे कॉलेज, १८२७. पहिल्या विद्यार्थ्यांत सॅम्युअल अजायी क्राउदर, हाही गुलामीतून सुटलेला, पुढे बिशप झाला. दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलची मिशन शाळा, १८४१. पद्धत सगळीकडे तीच: पाद्री एक आणि गावं पन्नास. मग हुशार पोरगा हेरायचा, थोडं शिकवायचं आणि पुढच्या गावात झोपडीच्या शाळेवर पाठवायचं. आठवडाभर मुळाक्षरं, रविवारी उपासना. स्वाहिलीत मास्तर आणि धर्मोपदेशक दोघांनाही एकच शब्द, म्वालिमू. अरबी मुअल्लिम तो. आपली तालीम त्याच धातूची.

पण पगार? मान? फ्रेरटाऊनला बॉम्बे आफ्रिकनांचे गोऱ्यांशी खटके उडाले ते यावरूनच. शिकवायला आमचा माणूस, ठरवायला मात्र साहेब. जोन्स आणि सेमलर यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळायला १८८५ उजाडलं. तोवर दोन दशकं शिकवून झाली होती! माझ्या मते मिशनच्या शिक्षणाचं खरं श्रेय या मधल्या माणसांचं, आणि इतिहासात तीच तळटीपेत गेली.

मग १९२० च्या दशकात आफ्रिकेतलं शिक्षण तपासायला अमेरिकेचा फेल्प्स-स्टोक्स आयोग आला, सरकारनं अनुदानाची दोरी हातात घेतली. १९२५ ला नैरोबीजवळ काबेटेला जीन्स स्कूल नावाची शिक्षक-प्रशिक्षणाची शाळा निघाली. तिथे शिक्षक बायकोसह राहायला यायचे आणि शाळेबरोबर शेती, स्वच्छता शिकून जायचे. फ्रेरटाऊनचा धर्मशिक्षणाचा वर्ग १९३० ला लिमुरूला हलला, आज ते सेंट पॉल्स विद्यापीठ आहे. न्येरेरे टाबोराच्या मिशन शाळेत शिकवत होते. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झाले तरी लोक त्यांना म्वालिमूच म्हणत राहिले. त्यांचं धोरण मी...

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतं ‘तबला’ लिहिलंय. बसतो.