खरे वजन लिहिण्याची मुभा

नमस्कार. आजचा विषय कुपोषणाचा आहे, परंतु आईने बाळाला काय भरवावे हे मी सांगणार नाही. जिल्हा परिषदेत, तालुक्याच्या कचेरीत किंवा मंत्रालयात बसून ज्यांना गरीब घरातल्या लहान मुलांसाठी काही करायचे आहे, त्यांनी नेमके कुठून सुरुवात करावी, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रानेच वीस-बावीस वर्षांपूर्वी शोधले होते.

2001 साली औरंगाबाद जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातील एका गावातून बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. वैजापूर हा मेळघाटासारखा दुर्गम आदिवासी भाग नाही, आणि म्हणूनच त्या बातम्यांनी प्रशासनाला हलवले. त्या वेळी औरंगाबादचे विभागीय आयुक्त असलेल्या व्ही. रमणी यांनी 2002 मध्ये मराठवाड्यात लहान मुलांची वजने घेण्याची आणि तीव्र कुपोषित मुलांची वैद्यकीय तपासणी करण्याची मोहीम हाती घेतली. याच अनुभवातून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले, त्याचे मुख्यालय औरंगाबादला म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला ठेवण्यात आले आणि युनिसेफचे साहाय्य त्याला मिळाले.

या मिशनकडे वाटायला धान्य नव्हते. पोषण आहार महिला व बालविकास विभाग देत होता, लसीकरण आणि उपचार आरोग्य विभागाकडे होते, आणि त्या दोन्ही विभागांच्या कर्मचाऱ्यांना एका मुलाभोवती एकत्र आणणे एवढेच मिशनचे काम होते. ‘एवढेच’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण शासनात याहून अवघड काम क्वचितच असते. अंगणवाडी सेविकेने मूल शोधले तरी त्याला तपासणारा डॉक्टर दुसऱ्या विभागाचा असतो, आणि दोघांच्या बैठका, नोंदवह्या व वरिष्ठ वेगवेगळे असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदीवर सगळी इमारत उभी असते आणि नेमकी तीच नोंद सर्वांत सहज बिघडते. आपल्या गावातील तीव्र कुपोषित मुलांची संख्या वाढली की सेविकेला मुख्य सेविका, म्हणजे तिच्या कामावर देखरेख करणारी पर्यवेक्षिका, जाब विचारणार, मुख्य सेविकेला बालविकास प्रकल्प अधिकारी विचारणार आणि त्यांना जिल्ह्याच्या बैठकीत उभे केले जाणार, हे जर सगळ्यांना ठाऊक असेल, तर कोणी न सांगताही तराजूचा काटा कागदावर थोडा वर सरकतो. यात सेविकेची लबाडी मला दिसत नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणारी ती बाई स्वतःचा बचाव करत असते, आणि तिला तसे करायला भाग पाडणारी माणसे तिच्यापेक्षा कितीतरी वरच्या खुर्च्यांवर बसलेली असतात.

म्हणून, नेतृत्वाचे पहिले काम वाढलेला आकडा शांतपणे ऐकून घेण्याचे आहे. प्रत्येक मुलाचे वजन खरोखर होऊ लागले की सुरुवातीला कुपोषित मुलांची संख्या वाढते, कारण जी मुले आधीही होती ती आता दिसू लागतात. अशा वेळी विधिमंडळात प्रश्न येतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात, आणि त्या महिन्यात मंत्री किंवा जिल्हाधिकारी खालच्या माणसाच्या पाठीशी उभा राहिला की नाही, यावर पुढच्या दहा वर्षांच्या नोंदींचा खरेपणा ठरतो.

दुसरे काम रिक्त पदांचे आहे. मुख्य सेविकेचे पद रिकामे राहिले, तर तिच्या बीटातल्या, म्हणजे तिच्याकडे सोपवलेल्या गावांतल्या, अंगणवाड्यांना भेट देणारे आणि अडलेल्या सेविकेला मार्ग दाखवणारे कोणी उरत नाही. योजनेचे नाव बदलण्यापेक्षा ही पदे भरणे कितीतरी परिणामकारक असते, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडते.

परिणाम काय झाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे 39 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्यात केलेल्या पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास आले. याचे सारे श्रेय मिशनला देणे योग्य होणार नाही, कारण याच काळात संस्थात्मक प्रसूती वाढल्या आणि मुलींचे शिक्षणही वाढले. शिवाय पुढचे चित्र तेवढे आशादायक नाही. याच राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पुढच्या फेऱ्यांत पाच वर्षांखालील, म्हणजे वेगळ्या वयोगटातील, मुलांमधील खुजेपणा 2015-16 मध्ये 34.4 टक्के होता आणि 2019-21 मध्ये 35.2 टक्के, तर उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळी 25.6 टक्के होती. दर चार मुलांमागे एक मूल. ही ठप्प झालेली स्थिती मला फार अस्वस्थ करते.

त्यामुळे आढावा बैठकीत ‘कुपोषित मुले किती कमी झाली’ असे विचारू नका, ‘पटावरील किती मुलांचे वजन आणि उंची या महिन्यात प्रत्यक्ष मोजली’ असे विचारा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलांपैकी किती जणांना डॉक्टरांनी पाहिले, किती जण गावातच अशा मुलांना विशेष आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल झाले आणि तिथून सुटल्यावर दोन महिन्यांनी त्यांचे वजन किती होते, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घाबरून सुंदर करता येते. पुढच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला मुलापर्यंत जावे लागते.

आणि त्या बैठकीत स्थलांतरित कुटुंबांची यादी मागायला विसरू नका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघालेल्या आईबरोबर मूलही गाव सोडते, गावच्या अंगणवाडीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिले जाते, आणि ज्या गावात कोपी, म्हणजे मजुरांची तात्पुरती झोपडी, पडते तिथल्या सेविकेच्या पटावर ते येतच नाही. अशा कुटुंबांचा माग ठेवणारी महा-एमटीएस ही प्रणाली राज्याने काही जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. मात्र मोबाइलवरची नोंद मुलाला जेवू घालत नाही. नोंद पोहोचताच फडाजवळच्या, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेताजवळच्या, अंगणवाडीत त्याच आठवड्यात त्या मुलाचा आहार सुरू झाला का, हे दोन जिल्ह्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एकमेकांना दूरध्वनी करूनच तपासावे लागेल.