कट्टकन फुटली तर वाळली

तुम्ही मला घरातल्या चार युक्त्या सांगायला बोलावलंत. मी आज जवारीपाशीच थांबणार आहे, कारण जवारी ठेवायचं कळलं की बाकीचं धान्य आपोआप कळतं. आणि मला मनापासून वाटतं, लेकीसुनांना रीत सांगताना तिच्यामागचं कारणही सांगावं. नुसती रीत दिली की घर बदलल्यावर ती फसते. माझी फसली होती, ते पुढं सांगते.

माझ्या माहेरी पेव होतं. आताच्या पोरींनी ते बघितलेलं नसेल. जमिनीत माणूस उभा राहील एवढा खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. काळ्या रानात पेव खणत नसत. काळी माती पाणी धरते, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. गावठाणातल्या पांढरीत खणायचे. आत काडीकचरा पेटवून खड्डा भाजून काढायचा, शेणामातीनं लिंपायचा, कडेनं कडबा लावून जवारी भरायची. तोंडावर दगड, वर माती.

1972 च्या दुष्काळात आमचं पेव उघडलं तेव्हा मी 14 वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातली लाल जवारी, यायची. आई खडी फोडायला जायची आणि तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. चुलत्यांनी पेवाचा दगड सरकवला आणि आम्हा लेकरांना लांब हाकललं. दिवसभर तोंड उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडला. निम्म्यावर गेला आणि विझला. खाली जवारी दिसत होती, घरात पीठ नव्हतं, तरी चुलते म्हणाले, "कंदील जळल्याबिगर कुणी उतरायचं नाही." मग सुपानं वारा घालणं सुरू झालं. दिवस मावळायच्या सुमारास कंदील तळाला टेकून जळत राहिला, तेव्हा ते उतरले.

दाणाही श्वास घेतो, बायांनो. बंद पेवातला प्राणवायू संपतो आणि जड कर्बवायू तळाला साचून राहतो. पेवात उतरलेली माणसं दगावल्याचं आम्ही ऐकत होतो. त्याच हवेत किडाही जगत नाही, म्हणून पेवातली जवारी वर्षानुवर्षं टिकायची. कडेची मात्र काळपट पडलेली, आंबूस वासाची. भाकरीला तो वास यायचा. त्या वर्षी ती भाकर आम्ही पाटीत कण न ठेवता खाल्ली.

आता माझी चूक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात आमच्या सासरच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, खाली आलं. घरची माणसं वाचली, पण धान्य ठेवायचं भिंतीतलं बळद आणि कणगी मातीत गेली. नव्या घरात पत्र्याची कोठी आली. मी कणगी भरायची तशीच कोठी भरली: दिवसभर जवारीला ऊन दिलं आणि सांजच्याला गरम-गरमच आत ओतली. तुराट्यांची, शेणानं लिंपलेली कणगी आतली वाफ बाहेर सोडते. पत्रा सोडत नाही. पावसाळ्यात हात घातला तर ढेकळं लागली, बुरशीचा वास. दोन पोती जवारी गेली. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं कोठीच्या आतून बोट फिरवून ओलं बोट मला दाखवलं.

तेव्हापासून वाळवलेलं धान्य मी रातभर पसरून गार होऊ देते आणि सकाळी भरते. कोठी लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. लिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून. ओला पाला घातला तर आपणच ओल आत नेतो. तुरीच्या डाळीला किलोमागं चमचाभर एरंडेल चोळा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. धान्यात टाकायची ती विषारी गोळी, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची, राहत्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीनंच तिच्यातून विषारी वायू सुटतो, आणि त्या विषावर उतारा नाही. ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथं पोत्यात ती गोळी ठेवलेली मी बघितली आहे. त्यापेक्षा जवारीत सोंडे झालेले बरे, चाळून निघतात.

मघाशी एका सुनबाईनं विचारलं, भाकर थापताना चिरते, काय करू? पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेली असेल. आठ दिवसांपुरतंच दळून आणा. दळण जुनं झालंच असेल तर उकळतं पाणी घालून कालवा, जरा निवलं की तळहातानं रगडून मळा. जवारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो.

2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आणि आपल्या रानात सगळीकडं सोयाबीन. जवारी पिकवत नाही म्हणून पोत्यानं विकत घेतो, आणि विकतच्या पोत्यातला दाणा किती वाळलाय हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून ही ओंजळभर जवारी आणली आहे. उजव्या हाताच्या पुडीतली वाळलेली, डावीकडची अर्धी ओली. पुड्या पुढं सरकवा. एकेक दाणा दाताखाली धरा. कट्टकन फुटला तर कोठीत जाईल. दबला, चपटा झाला, तर त्याला अजून दोन उन्हं द्यायची. मागं बसलेल्या बायांपर्यंत पुडी जाऊ द्या.