अंगठा नसलेली चप्पल

मधुमेहानं आजींचे पाय बधिर झालेत, त्यांच्यासाठी ही चप्पल बनतेय. हा कोरा कागद. त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभं राहायचं. पेन्सिल अगदी सरळ धरून चप्पल शिवणारे काका पावलाभोवती रेघ ओढतात. माप शक्यतो दुपारनंतर घ्यायचं. तोवर पायावर थोडी सूज चढलेली असते, तिलाही चपलेत जागा लागते.

काकांचा हात कोल्हापुरीवर बसलेला. इथे मात्र बरंच उलटं करावं लागतं. अंगठा, म्हणजे पायाचं बोट अडकवायची गोल पट्टी, नाही; ती बोटाला घासते. मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि खिळा एकही नाही. सगळं शिवून, चिकटवून.

(रापीचा आवाज. निवेदन नाही.)

हे एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. अंगठ्यानं दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. आत हवेचे अगदी बारीक कप्पे आहेत. त्यामुळे चालताना भार एका जागी साचत नाही, तळव्यावर पसरतो. खाली कडक तळ, काटा आरपार जाऊ नये म्हणून.

ही चप्पल मुळात कुष्ठरुग्णांची. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. बोटं रोगानंच झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच: पाय दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाऊल झिजत जातं. त्यातून मऊ तळाच्या चपलांचे प्रयोग सुरू झाले. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू पडलं. इतकं मोठं काम आपल्या देशात झालं, आणि आपल्याच गल्लीतल्या मधुमेह्याला ते ठाऊक नाही!

काहींना ही चप्पल घालायची लाज वाटते, 'ती त्या रोग्यांची' म्हणून. त्यासाठी काका पट्ट्यावर कोल्हापुरी वेणी घालतात. आमच्या मते ही वेणीसुद्धा उपचारच आहे.

पायाला स्पर्श कळतो का, हे बघायचा हा नायलॉनचा तंतू. वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅमचा दाब पडतो. आजींनी डोळे मिटलेत. स्पर्श झाला की 'कळलं' म्हणायचं.

(तंतू चार ठिकाणी टेकतो. निवेदन नाही.)

जखम चिघळली तर बोट, कधी गुडघ्याखालचा पाय काढावा लागतो.

आजी रोज रात्री तळव्याखाली आरसा धरतात. भेगांना कोकमतेल लावतात, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवतात. गरम पाण्याचा शेक बंद केलाय, कुरूपाला ब्लेड लावणंही.

चप्पल तयार झाली. आजी आधी आत हात फिरवून बघतात, मग पाय घालतात. काका सांगतात, "आजी, आज दोनच तास घाला. काढल्यावर कुठं लाल दिसतंय का बघा. दिसलं तर तशीच घेऊन या, मी तेवढं घासून देतो."