काळ्या मातीतला व्हायबर्नम

व्हायबर्नम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या चेंडूंनी लगडलेलं झुडूप येतं. इंदुरात बाग करणाऱ्यांनी ते चित्र आधी बाजूला ठेवावं. तो स्नोबॉल. तो थंड मुलखातला आहे, आणि नीट फुलायला त्याला सलग काही आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा पंचविशीवर चढतो. एवढ्या थंडीत आपण स्वेटर घालतो, पण त्या झुडपाला ती पुरत नाही. झाड जगलं तरी नुसती पानं देत राहतं.

त्याचं बी तर मुळीच घेऊ नका. ऑनलाइन निळ्या-जांभळ्या चेंडूंचे फोटो लावून पाकिटं विकली जातात. स्नोबॉलच्या चेंडूतलं प्रत्येक फूल वांझ असतं. त्यात पुंकेसर नाहीत, स्त्रीकेसर नाही, मग बी धरणार कुठून? पाकिटातून काय उगवेल ते पेरल्यावरच कळतं, पण स्नोबॉल नक्की उगवत नाही.

मग माळव्यात लावायचा कोणता? या वंशात दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यांतली ओडोरॅटिसिमम, म्हणजे रोपवाटिकेच्या भाषेत स्वीट व्हायबर्नम, आपल्याला सगळ्यात जवळची. ती ईशान्य भारतापासून चीन, जपानपर्यंत आपणहून वाढते, बारमाही हिरवी राहते आणि वसंतात पांढऱ्या सुवासिक फुलांचे तुरे देते. मोकळी सोडली तर तीन-चार मीटर सहज जाते. रोप घेताना एक पान चुरगाळून हुंगा. हिरव्या सिमला मिरचीसारखा वास आला पाहिजे. पानं समोरासमोर, जाड आणि चकचकीत हवीत. एकाच देठावर बारीक पानं ओळीने असतील आणि चुरगाळल्यावर लिंबाच्या पाल्याचा वास येत असेल तर ती कुंती, म्हणजे मधुकामिनी. ती वाईट नाही, उलट ज्यांना निगा राखायला वेळ नाही त्यांनी खुशाल तीच लावावी. पण पैसे व्हायबर्नमचे देऊ नका.

जाता जाता सांगतो. आपली रस्त्याकडेची घाणेरी, जिला शास्त्रात लँटाना म्हणतात, तिचं नावही या घराण्यातूनच उसनं आलंय. लँटाना हे मुळात युरोपातल्या एका व्हायबर्नमचं जुनं नाव. फुलांचे झुबके सारखे दिसतात म्हणून ते घाणेरीला चिकटलं. नातं मात्र काही नाही.

आता मातीकडे येऊ. निम्मी झाडं इथेच जातात, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात पडणाऱ्या भेगा नुसत्या वर दिसतात तेवढ्याच नसतात, आतली बारीक मुळं त्या तोडत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये याच मातीत पाणी दिवसेंदिवस मुरत नाही. व्हायबर्नमला ओल हवी असते, पण मुळांना हवाही तितकीच हवी असते. जागा ठरवण्याआधी 30 सेंटीमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटीमीटरही पाणी उतरलं नाही, तर तिथे सपाट जमिनीत झुडूप लावायचं नाही.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे खोल खड्डा काढून त्यात चांगली भुसभुशीत माती भरणं. भोवतीची चिकण माती तशीच राहते, त्यामुळे तुम्ही खड्डा नाही, हौद बांधलेला असतो. चारी बाजूंचं पाणी त्यातच येऊन बसतं. दुसरी चूक वाळूची. काळ्या मातीत घमेलंभर वाळू मिसळली तर ती मातीतच गडप होते आणि सुकल्यावर विटेसारखा गोळा बनतो. त्यापेक्षा खाली न जाता वर या. सव्वा मीटर रुंद आणि 30 ते 40 सेंटीमीटर उंच असा उंचवटा करा. दोन भाग बागेतली माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं खत. खालची जमीन टिकावाने खरवडून मगच वर माती घाला, म्हणजे दोन थर वेगळे राहणार नाहीत. रोपाच्या मातीच्या गोळ्याचा वरचा काठ उंचवट्याच्या तीन-चार सेंटीमीटर वरच राहू द्या. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतील तर गोळ्याला चाकूने तीन उभे छेद द्या. जीव खालीवर होतो, पण ते न केल्यास मुळं वर्षानुवर्षं तशीच गुंडाळत राहतात.

लावायची वेळ? आषाढात नको. सगळे तेव्हाच लावतात, आणि नवं रोप दोन महिने चिखलात उभं राहतं. पाऊस ओसरल्यावर, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावा. जमीन उबदार असते, ओल असते आणि उन्हाळ्यापूर्वी मुळांना सहा महिने मिळतात. जागा पूर्वेच्या भिंतीलगतची निवडा. सकाळचं चार तास ऊन पुरे, दुपारनंतर सावली. पश्चिमेच्या भिंतीलगत लावलं तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत एप्रिल ते मध्य जून 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधावीच लागेल.

खताच्या बाबतीत इंदूरकरांनी दुसरीकडे बघायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्याच संस्थेत, यशवंत वाड यांना सोबत घेऊन, पालापाचोळा आणि शेण यांचं खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. घरच्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग पुरतो. 15 सेंटीमीटर सुका-ओला पाला, त्यावर पाच सेंटीमीटर शेण, मूठभर माती, मग पुन्हा पाला. पंधरवड्याने, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटा करायचा. तीन महिन्यांत खत तयार. मूळ कृतीत राखही आहे, पण ती इथे टाळा. आपली माती आधीच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची आहे, त्यात राखेची भर कशाला? मोठ्या झुडपाला पाऊस संपल्यावर पाच किलो खत आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड, एवढं वर्षाचं झालं.

पाण्याचा हिशेब वारावर ठेवू नका. काळी माती वरून भेगाळलेली असते आणि बोटभर खाली ओली. खुरपीने दहा सेंटीमीटर उकरा, मातीची गोळी वळली तर पाणी नको. नव्या रोपाला उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी दहा लिटर, जुन्याला आठवड्यातून एकदा 25 ते 30 लिटर, सावकाश. वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, सात-आठ सेंटीमीटर पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. चिकटून ठेवलं की साल कुजते आणि वाळवी लागते.

आता ऑगस्टमध्ये हमखास दिसणारं दृश्य. सकाळी झाडाची पानं लोंबलेली. मालक नळी आणून पाणी सोडतो, संध्याकाळी पानं आणखी मलूल. माती ओली आणि पान मलूल असेल तर ती तहान नव्हे. गोळ्याच्या कडेची माती हाताने बाजूला सारून एक मूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट असतं आणि तटकन तुटतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल म्यानासारखी सरकून हातात येते, आत नुसता दोरा उरतो, आणि नाल्यासारखा वास येतो. असं झालं तर पाणी तोडा, उंचवट्याभोवती वीतभर खोल चर काढून पाणी बाहेर न्या आणि फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. निम्मी मुळं गेली असतील तर झाड वाचेलच असं नाही. औषध ओतत बसण्यापेक्षा चर आधी.

पानांचा रंग बिघडण्याची कारणं दोन, आणि ती उलटसुलट समजली जातात. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकून उपयोग नाही, तो तिथेच अडकतो. पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. कायमचा इलाज हवा असेल तर ईडीडीएचए प्रकारचं लोह मातीत द्या, म्हणजे चुनखडीतही झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं. त्याच कामाचा स्वस्त ईडीटीए प्रकार आपल्या मातीत टिकत नाही. उलट जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा लू. तिथे नळाला येणारं नर्मदेचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

मावा, पिठ्या ढेकूण, उन्हाळ्यात लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याची धार मारली की कोळी आटोक्यात येतो. बाकीच्यांना लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं पातळ साबण, तेही ऊन उतरल्यावर.

कात्रीबद्दल मात्र सविस्तर, कारण "झाड छान आहे, फूलच येत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. व्हायबर्नमचं फूल गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीच्या टोकाला येतं. दिवाळीआधी घर रंगवताना माळी बागही टापटीप करून जातो आणि वसंताची सगळी फुलं कचऱ्याच्या गाडीत चढतात. दर महिन्याला कात्री चालवून केलेल्या कुंपणाचीही तीच गत. पुस्तकात फुलं संपताच छाटा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे लगेच एप्रिल येतो आणि उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. म्हणून एप्रिलमध्ये फक्त सुकलेले तुरे खुडा आणि खरी छाटणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जुलैच्या मध्याच्या आत उरका. त्यानंतर कात्री कुलपात. छाटताना वरून टकलं करू नका. सगळ्यात जुने, जाड बुंधे तिसऱ्या हिश्श्याने जमिनीलगत कापा. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं. बुंध्यातून येणारे सरळसोट धुमारे ही या घराण्याची खासियतच आहे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यातल्या बाणांच्या काठ्या व्हायबर्नमच्याच होत्या.

छाटलेलं फेकू नका. अर्धवट पिकलेली, दहा-बारा सेंटीमीटरची काडी घ्या, खालची पानं काढा, वरची अर्धी कापा. 3000 पीपीएमच्या मूळ फुटायच्या पावडरीत टोक बुडवून कोकोपीट आणि जाड वाळूच्या मिश्रणात खोवा, वर पारदर्शक पिशवी, सावलीत. सहा ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात.

शेवटी एक प्रश्न उरतो, फुलं येतात पण लाल फळं का धरत नाहीत? कारण एका झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा चालत नाही. त्याच जातीचं दुसरं झाड जवळ हवं, आणि ते पहिल्याच्या काडीपासून केलेलं नको. काडीचं झाड म्हणजे तेच झाड. शेजाऱ्याला काडी देण्याऐवजी दोघांनी दोन वेगवेगळ्या रोपवाटिकांतून रोपं आणावीत.