ॲड केलं, पण चढलं कुठे?

[पडदा: काळं टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर]

आयपीएफएस म्हणजे लोकांच्या मशीन्समधून थेट फाइली देण्या-घेण्याचं जाळं. त्यावर फाइल ‘अपलोड’ करतात, असं सर्रास बोललं जातं. या जाळ्यात मधोमध सर्व्हरच नाही, तर चढवणार कुठे? ‘ॲड’ ही आज्ञा दिली की फाइल तुमच्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. इतरांना ती मिळते तुमचं मशीन चालू असेल तर. नवख्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथं आहे.

आपण वापरतोय कुबो, आयपीएफएस चालवणारा प्रोग्रॅम. 2022 पर्यंत याचंच नाव गो-आयपीएफएस होतं. डाउनलोड केलेली फाइल उलगडा, आतली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवा, ‘आयपीएफएस व्हर्जन’ विचारा. आकडा आला की पुढे.

‘आयपीएफएस इनिट’ एकदाच द्यायचं. चाव्यांची जोडी बनते आणि तिच्यावरून नोडची, म्हणजे जाळ्यातल्या तुमच्या मशीनची, ओळख ठरते: पीअर आयडी. भाड्याच्या सर्व्हरवर बसवत असाल तर इथंच सर्व्हर प्रोफाइल, म्हणजे सर्व्हरसाठीच्या तयार सेटिंग्ज, जोडा. नाहीतर नोड आसपासचे खासगी आयपी पत्ते ठोठावत बसतो, होस्टिंगवाल्याला ते पोर्ट स्कॅनिंग, म्हणजे दुसऱ्यांच्या मशीनची चाचपणी, वाटतं आणि खातं बंद करण्याची धमकी येते.

[पडदा: दुसरी खिडकी, ‘आयपीएफएस डेमन’]

डेमन म्हणजे नोड सतत चालू ठेवणारा प्रोग्रॅम, म्हणून ही खिडकी उघडीच ठेवायची. त्याचे पोर्ट, म्हणजे ये-जा करायचे दरवाजे, तीन आहेत. 4001 वर इतर नोड भेटतात. फायरवॉलमध्ये टीसीपी आणि यूडीपी दोन्ही मोकळे करा, फक्त टीसीपी सोडून भागत नाही. 8080 वर ब्राउझरसाठी गेटवे. तिथं तुमचा दुसरा एखादा प्रोग्रॅम आधीच बसला असेल तर डेमन उठतच नाही, मग कॉन्फिगमध्ये 8081 करा. आणि 5001 वरून नोडला हुकूम सुटतात. ते मुळात फक्त आपल्या मशीनपुरतं असतं, तसंच राहू द्या. इंटरनेटवर उघडं टाकलंत तर ज्याला सापडेल तो तुमच्या नोडचा मालक.

‘लॉक दुसऱ्याकडे आहे’ अशी तक्रार आली तर बहुधा आधीचा डेमन मागे चालूच असतो. लॉकची फाइल उडवण्याआधी ते बघा.

[पडदा: फाइलमध्ये एकच शब्द, कऱ्हाड]

आता ही फाइल ॲड करू. उत्तरादाखल येतो सीआयडी: आतल्या मजकुरावरून काढलेला लांबलचक पत्ता. फाइलच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. बाइट बदलला की पत्ता बदलला, आणि मराठीत हे नकळत घडतं. ‘कऱ्हाड’मधला ऱ एकाच चिन्हाचा असेल तर शब्द 18 बाइटचा; र आणि खाली वेगळा नुक्ता असेल तर 21. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पत्ते मात्र दोन. त्यात टर्मिनलची ‘एको’ आज्ञा वापरून फाइल बनवलीत तर शेवटी नव्या ओळीचा आणखी एक बाइट चिकटतो. म्हणून पत्ता जुळला नाही की आधी बाइट मोजा.

मोठ्या फाइलचे तुकडे पडतात. नेहमीचा आकार 256 किबीबाइट.

आता दुसऱ्या मशीनवरून फाइल वाचायची: ‘आयपीएफएस कॅट’ आणि सीआयडी. काहीच न येता कर्सर अडकून राहिला तर तुमच्या नोडवर ‘स्वार्म पीअर्स’, म्हणजे जोडलेल्या नोडांची यादी, बघा. यादी रिकामी असेल तर नोड जाळ्याला जोडलेलाच नाही, नेट आणि फायरवॉल तपासा. यादी भरलेली असूनही अडकत असेल तर नोंदीकडे वळा. ‘हा माल माझ्याकडे आहे’ ही नोंद नोड दर 22 तासांनी जाळ्यात पुन्हा करतो, आणि ती 48 तासांत शिळी होते. लॅपटॉप तीन दिवस मिटलेला राहिला की नोंद गेली; माल तुमच्या डिस्कवर असला तरी इतरांना सापडत नाही.

ॲड केलेलं आपोआप पिन होतं, म्हणजे नोड ते जपून ठेवतो. दुसऱ्यांकडून नुसतं वाचलेलं होत नाही. ‘रेपो जीसी’ ही साफसफाईची आज्ञा चालवली की पिन नसलेलं सगळं झाडून जातं. पिन काढून जीसी चालवलंत तरी तुमचीच प्रत जाते. दरम्यान कुणी ती पिन केली असेल, तर सीआयडी हाती असलेला कोणीही ती वाचू शकतो, कारण आयपीएफएस मजकुराला कुलूप लावत नाही. आधार कार्डाचा स्कॅन इथं टाकायचा नसतो तो यासाठी.